तेलाचं चेंबर: धुळ्याजवळच्या हॉटेलाच्या नोंदी, जून ते जानेवारी

१७ जून २०२५

रात्री पहिला धो-धो पाऊस झाला आणि सकाळी मागच्या शेतातले नाना थेट गल्ल्यापाशी येऊन उभे राहिले. हातात चप्पल. तिच्या तळाला पिवळट, साबणासारखा थर बसलेला. काही न बोलता त्यांनी ती चप्पल काउंटरवर उपडी ठेवली. आप्पांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, माझ्याकडे पाहिलं. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला घरातला एकटा, त्यामुळे गळतं छप्पर असो की तुंबलेली मोरी, नजर माझ्याकडेच वळते.

मागे जाऊन पाहिलं. शोषखड्डा भरून वाहतोय, पाणी बांध ओलांडून नानांच्या कपाशीत उतरलंय. खड्डा काळ्या मातीतला. काळी माती मुळातच पाणी सावकाश पिते, त्यात तेलाचा लेप बसला की पिणंच बंद.

खड्ड्याच्या अलीकडे कडप्प्याखाली एक जुनं चेंबर आहे, त्याला सगळे ‘तेलाचं चेंबर’ म्हणतात. कडप्पा सरकवला तर आत हौदासारखा चौकोन. पाणी एका बाजूने वरून पडतं आणि समोरच्या सरळ पाइपातून वरच्या वर निघून जातं. म्हणजे तेल जिथे तरंगतं नेमकं तिथेच बाहेर जायचं तोंड. याला सापळा म्हणायचं तर दार उघडं ठेवून लावलेला पिंजरा म्हणावा लागेल.

आप्पांचं म्हणणं, “पानी जाई राह्यनं ना भो? मंग कसाले उकरी राह्यना?”

पाणी जातंय हीच अडचण होती. तेलही सोबत जातंय.

१९ जून

दोन रात्री बसून नियम वाचले. कामापुरतं इथे लिहून ठेवतो, म्हणजे आप्पांनी विचारलं की वही पुढे करता येईल.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या तपासणी यादीत स्पष्ट ओळ आहे: सांडपाण्याच्या नाल्या अपेक्षित पाणी वाहून नेतील एवढ्या असाव्यात आणि त्यांना ग्रीस ट्रॅप (म्हणजेच आपलं तेलाचं चेंबर) व झुरळं अडवणारी जाळी असावी. म्हणजे चेंबर ही आपली हौस नव्हे, परवान्याच्या तपासणीतला मुद्दा आहे.

पाण्यात तेल किती चालेल, त्याचे आकडे पर्यावरण संरक्षण नियमांत आहेत. सार्वजनिक गटारात सोडायचं तर लिटरला २० मिलिग्रॅम, नदीनाल्यात किंवा शेतीच्या जमिनीवर सोडायचं तर १०. आमच्याकडे गटार नाहीच, महापालिकेची हद्द मागे राहिली. म्हणजे आमच्या वाट्याला १०. नुसत्या चेंबरने १० गाठणं कठीण आहे हे आत्ताच लिहून ठेवतो. तरंगणारं तेल अडतं, पण साबणाने फोडून दुधासारखं झालेलं तेल चेंबर अडवू शकत नाही. म्हणून खरी लढाई बेसिनच्या अलीकडे, ताटातच आहे.

तळणाचं तेल हा वेगळा विषय. १ जुलै २०१८ पासून तेलातले टोटल पोलर कंपाउंड (तळून तळून तेल बिघडलं की वाढणारे घटक) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल स्वयंपाकाला बाद. रोज ५० लिटरच्या वर तेल वापरणाऱ्यांना १ मार्च २०१९ पासून नोंदी ठेवणं आणि बाद तेल अधिकृत संकलकालाच देणं बंधनकारक आहे. आमची शेव घरीच निघते, पण ५० लिटर काही लागत नाही. तरी २५ टक्क्यांची अट सगळ्यांनाच आहे. आणि हे तेल चेंबरमध्ये ओतायचं नाही, हे तर पहिलंच कलम. चेंबर भांड्यांच्या ओशटपणासाठी असतं, कढई रिकामी करायला नसतं.

२२ जून

मोजमाप. दोन बेसिन, प्रत्येकी ६० × ४५ × ३० सेंटिमीटर. एकाचं पाणी ८१ लिटर, दोघांचं १६२. भांडी आत असतात म्हणून पाऊण पट धरतात, ते झालं १२१. बूच काढल्यावर दोन मिनिटांत रिकामं होतं, घड्याळ लावून पाहिलं. म्हणजे मिनिटाला ६० लिटर.

जुन्या चेंबरात ९० × ९० च्या चौकोनात ६० सेंटिमीटर पाणी उभं राहतं, ४८६ लिटर. ऐन गर्दीत पाणी आत आठ मिनिटं थांबतं. तेल वेगळं व्हायला, वर यायला आणि गार व्हायला अर्धा तास तरी मिळावा असा ढोबळ हिशोब असतो. ६० गुणिले ३०, म्हणजे १८०० लिटर.

ठरलं: आतून २.४ मीटर लांब, १ मीटर रुंद, पाण्याची खोली ७५ सेंटिमीटर. दोन कप्पे, पहिला १.६ मीटरचा, दुसरा ०.८ चा. मधल्या भिंतीला भोक खालच्या अंगाला, म्हणजे वरचं तेल आणि तळचा गाळ दोन्ही पहिल्या कप्प्यात राहून मधलंच पाणी पुढे जाईल.

जागा स्वयंपाकघरापासून नऊ मीटर लांब, लिंबाखाली घेतली. वास गिऱ्हाइकाला यायला नको म्हणून. आप्पांनाही ते पटलं.

३० जून

खोदाई. दीड मीटरवर पाणी लागलं नाही, पण काळी माती फावड्याला चिकटते ती सोडत नाही. दोन माणसांचं काम चौघांना लागलं.

११ जुलै

वीटकाम झालं, आतून दोनदा प्लास्टर आणि वर घोटून सिमेंट. गवंडीबाबा म्हणाले, एवढं घोटायला ही काय पिण्याची टाकी आहे? त्यांना सांगितलं, तेल कुजलं की त्यातून आम्लं सुटतात आणि आम्ल सिमेंट खातं. वरून गटारवायूमुळे छताकडची बाजू आधी सडते. त्यावर त्यांनी आपणहून कोपरे गोल केले.

आत येणाऱ्या पाइपाला टी, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचा जोड, तिचं खालचं तोंड पाण्याच्या पातळीखाली, म्हणजे पाणी वरून धबाधबा पडून तेल घुसळणार नाही. बाहेर जाणाऱ्याला पण टी, पण तिचा पाय तळापासून २० सेंटिमीटरवर. दोन्ही टी वरून उघड्या, काठी घालून साफ करता येतील अशा. वरचं तोंड बंद केलं तर भरलेल्या पाइपाचा सायफन बनतो आणि चेंबरच ओढून रिकामं करतो. सायफनवरून आठवलं: १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागलेल्या विश्वेश्वरय्यांनी तरुणपणी आपल्याच पांझरेच्या खोऱ्यात सायफनचं काम केलं होतं. पाणी नदीच्या पोटाखालून पलीकडे नेणाऱ्याच्या गावात आपण भांड्याचं पाणी बांधाखाली अडवू शकत नाही, असं मी म्हणालो. गवंडीबाबांनी तंबाखू मळता मळता, “तेस्ना पगार चांगला व्हता” एवढंच उत्तर दिलं.

२१ जुलै

चालू केलं. आधी काठोकाठ स्वच्छ पाणी भरलं. हे विसरतात लोक. रिकाम्या चेंबरात पहिलं पाणी आलं की तेल थेट तळाशी पडतं आणि खालच्या भोकातून पुढच्या कप्प्यात जातं.

मोजायला बांबू घेतला. त्याच्या खालच्या टोकाला काटकोनात लोखंडी पट्टी बांधली. काठी आत घालून हळूच वर ओढली की पट्टी वरच्या थराला खालून टेकते, हाताला अडकल्यासारखं कळतं. तिथून वरपर्यंतचं अंतर म्हणजे तेलाचा थर. गाळासाठी दुसऱ्या काठीला जुना टॉवेल गुंडाळला. तळापर्यंत दाबून मिनिटभर धरायची, वर काढली की टॉवेल जिथपर्यंत काळा तिथपर्यंत गाळ.

नियम सरळ आहे: वरचं तेल आणि खालचा गाळ मिळून पाण्याच्या खोलीचा चौथा हिस्सा झाला की उपसा. आमच्या ७५ चा चौथा हिस्सा १८.७५, म्हणून १९. बांबूवर लाल रंगाची खूण केली.

आप्पा म्हणाले, वास सुटला की कळतंच की. मी म्हटलं, वास सुटतो तेव्हा उशीर झालेला असतो.

२८ जुलै

वर २, खाली ३.

धुण्याआधी ताटं निपटून घ्यायची की नाही, हा वाद अजून चालू आहे. आमच्या शेवभाजीवर बोटभर लाल तर्री असते, ती नसली तर गिऱ्हाईक पानाकडे न बघता आप्पांकडे बघतं. पण खाणारा सगळी पीत नाही. काल दहा ताटांची उरलेली तर्री एका ग्लासात निथळून ठेवली. रस्सा खाली बसला, वर तेल ६० मिलिलिटर. ताटाला ६. दिवसाला अडीचशे ताटं धरली तर दीड लिटर तेल रोज नुसत्या ताटांमधून मोरीत जातं, पातेल्यांचं वेगळं. ग्लास तसाच आप्पांच्या गल्ल्यावर ठेवला. त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तेलाच्या डब्याचा भाव पुटपुटले. दुपारी रबरी पट्ट्या आणि खरकट्याच्या दोन बादल्या आल्या.

४ ऑगस्ट

काल कानबाई बसल्या, आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण, आज विसर्जन. भांड्याच्या दोन्ही मावश्या रजेवर, गावी रोट असतात. भांडी रात्रीच्या पोरांवर.

वर अर्धा सेंटिमीटर! पोरं खूश, “भाऊ, बघा, चकाचक.” मीही क्षणभर फसलो. मग पुढच्या कप्प्याचं झाकण काढलं तर पाणी ताकासारखं पांढरं, आणि शोषखड्ड्याच्या तोंडाशी तोच पिवळा साबण.

विचारल्यावर कळलं. कढया, पातेली एकदम घासायची म्हणून दोनशे लिटरच्या पिंपात पाणी उकळून त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि ते सगळं एकदम बेसिनमध्ये सोडलं. चूक पोरांची नाही. ‘गरम पाण्याने ओशट जातं’ हे मागच्या आठवड्यात मीच सांगितलं होतं. ओशट जातं, पण जातं कुठे हे सांगायचं राहिलं. कढत पाणी हलकं, ते वर चढून थेट तेलाच्या थराला लागतं आणि तो वितळवतं. सोडा त्याचा साबण करतो, थेंब फोडतो. दोघांनी मिळून दोन आठवड्यांचं अडवलेलं तेल एका रात्रीत पुढे ढकललं.

बेसिनवर पाटी: सोडा नाही, मोरी साफ करायची पावडर नाही, पिंपभर कढत पाणी नाही.

१४ ऑगस्ट

एक विक्रेता येऊन गेला. बाटलीतलं द्रव रोज टाकायचं, तेल ‘गायब’, उपसायची गरज नाही. गायब होऊन जातं कुठे, विचारलं. तो हसला. तेल पातळ होऊन चेंबरपुढे जात असेल आणि पाइपात पुन्हा गोठत असेल तर मला त्याचा उपयोग शून्य. परत पाठवला.

१८ ऑगस्ट

वर ६, खाली ९. मिळून १५.

हे गणित मला खटकतंय. तेलाच्या चेंबरात तेलापेक्षा गाळ जास्त कसा? टॉवेलवरचा गाळ बोटांत चोळून पाहिला. थोडा बेसनाचा लगदा, भाताची शितं, पण मुख्य म्हणजे करकर. वाळू असावी तशी. बराच वेळ कळेना. मग मागच्या दाराशी मोठ्या मावशी कढई घासताना दिसल्या. चुलीतली राख, पऱ्हाट्यांची, घमेल्यात घेऊन, नारळाच्या काथ्याने. वर्षानुवर्षं अशीच घासतात. राख तेल शोषते, कढई आरशासारखी होते, आणि मग सगळी राख पाण्याबरोबर माझ्या चेंबरात.

मावशींना म्हटलं तर त्या म्हणाल्या, “राखबिगर तेल निंघस का भाऊ?” खरं आहे, निघत नाही. म्हणून राख बंद केली नाही, फक्त क्रम बदलला. आधी कोरडी राख लावून कढई पुसायची, ती तेलकट राख घमेल्यातच झटकायची, पाणी त्यानंतर. तेलकट राख खरकट्याबरोबर जाते. मावशींनी दोन दिवस तोंड वाकडं केलं. नंतर स्वतःच म्हणाल्या, पाणी कमी लागतं.

२५ ऑगस्ट

वर ७.५, खाली ११.५. एकूण १९. खुणेला लागलं, पस्तिसाव्या दिवशी.

टँकरवाला उद्या येणार. आला की एक पोरगा आत उतरवून घमेल्याने काढू, पैसे वाचतील, असं त्याचं फोनवर म्हणणं. त्याला सरळ नाही सांगितलं. २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास बंदीच्या कायद्यात गटार आणि मैल्याच्या टाकीत असं धोक्याचं काम करायला माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मी उतरू दिलं नसतं. कुजलेल्या तेलाखाली हायड्रोजन सल्फाइड साठतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायू वाढला की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच कोसळतो. आप्पांचं ‘वास आला की कळतं’ मला यासाठीच नको वाटतं.

२६ ऑगस्ट

झाकणं तासभर आधी उघडी ठेवली, बिडी-सिगरेट बंद, जवळ पोरं नको. पाइप आत सोडून वरून खालपर्यंत सगळं उपसलं. नुसता वरचा थर काढून भागत नाही, गाळ तसाच राहिला तर आठवड्यात पुन्हा खुणेला लागतं. लांब दांड्याच्या झाडूने भिंती बाहेरूनच खरवडल्या, दोन्ही टी काठीने तपासल्या. शेवटी स्वच्छ पाण्याने पुन्हा काठोकाठ भरलं.

टँकर कुठे रिकामा करणार, ते पावतीवर लिहून घेतलं. तो थोडा कुरकुरला. पण रस्त्याकडेच्या नाल्यात सोडला तर नानांची चप्पल दुसऱ्या कुणाच्या तरी काउंटरवर जाईल.

वहीत रकाने पाडले: तारीख, वर किती, खाली किती, उपसा झाला का, पावती.

९ सप्टेंबर

तळणाचं बाद तेल घ्यायला एक माणूस आला. रोख भाव चांगला देतो, कागद नाही, कुठे नेतो विचारलं तर “बायोडिझेल” म्हणून विषय बदलतो. आप्पांचा हात जवळजवळ पुढे गेला होता. मी म्हटलं, कागद नसलेलं तेल परत कुणाच्या तरी भज्यांच्या कढईत जातं. आप्पा स्वतः बाहेर भजी खात नाहीत, कारण त्यांना तेल ओळखता येतं. त्यांनी डबा पायाने मागे सरकवला. आता झाकणाच्या पिंपात साठवतोय, नोंदणी असलेल्या संकलकाशी बोलणं झालंय. भाव कमी आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये प्राधिकरणाने ‘रुको’ नावाची योजना याचसाठी काढली, वापरलेलं तेल खरोखरच बायोडिझेलला जावं म्हणून.

२७ ऑक्टोबर

दिवाळीची गर्दी ओसरली. वर ११, खाली ८. खुणेला लागलं, पण या वेळी बासष्ट दिवसांनी. पट्ट्या आणि राख, दुसरं काही बदललेलं नाही. उपसा केला.

१४ डिसेंबर

भरिताचा हंगाम, आणि थंडी अशी की सकाळी नळाखाली हात धरवत नाही. चेंबरमध्ये तेल वड्या पाडाव्यात असं घट्ट बसलंय, बघून समाधान वाटलं. उन्हाळ्यात हेच पातळ राहून निसटतं, थंडीत चेंबर सगळ्यात चांगलं काम करतं.

समाधान दुपारपर्यंत टिकलं. दीड वाजता, बाहेर तीन गाड्या उभ्या असताना, दोन्ही बेसिन तुंबले. चेंबर तुंबलेलं नाही, तुंबलंय मधलं. नऊ मीटरचा पाइप. बेंड उघडला तर चार इंची पाइपात करंगळी जाईल एवढंच भोक, बाकी पांढरट-पिवळा, मेणासारखा थर. भरिताच्या फोडणीचं, मसाल्याचं, डालड्याचं, सगळं चेंबरला पोचायच्या आधीच थंडीने पाइपात गोठलं. बोअरचं पाणी जड, त्यातल्या चुन्याने तेलाचा कडक साबण केलाय. तो नुसत्या काठीने निघत नव्हता, लोखंडी स्प्रिंग आणावी लागली.

चेंबर लांब घ्यायचा निर्णय माझा होता. गिऱ्हाइकाला वास नको म्हणून नऊ मीटर, आणि त्या नऊ मीटरची शिक्षा आज गर्दीत मिळाली. चेंबर बेसिनच्या जवळ हवं होतं, वास अडवायला घट्ट झाकण आणि छपरावर नेलेला हवेचा पाइप पुरेसा होता.

१६ डिसेंबर

पुन्हा खोदणं परवडणारं नाही. तात्पुरता उपाय: रोज रात्री शेवटी एक बादली, २० लिटर, गरम पाणी, सोडा नाही. पोरांनी पाटीकडे बोट दाखवलं. बरोबर दाखवलं. म्हणून त्यांच्यासमोर हिशोब मांडला. ८० अंशांचं २० लिटर पाणी २० अंशांच्या १८०० लिटरमध्ये गेलं तर सगळं मिळून पाऊण अंशसुद्धा चढत नाही, पाइप मात्र मोकळा होतो. ऑगस्टमध्ये होतं दोनशे लिटर, एकदम, आणि सोडा घालून. पाटीवर ‘पिंपभर’ शब्दाखाली रेघ मारली. शिवाय मध्यावर एक उघडता येणारं तोंड बसवलं, पंधरा दिवसांनी स्प्रिंग फिरवायची.

५ जानेवारी २०२६

सकाळी मी मोटारीचा स्टार्टर बघत होतो. मोठ्या मावशी बांबू खांद्यावर घेऊन आल्या, टोकाला टॉवेल तसाच ठिबकत. मोजायला त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

“भाऊ, काठी खूनले लागनी.”

वर १२, खाली ७. सत्तरावा दिवस. भिंतीवरच्या वहीत त्यांनी आकडे आधीच लिहिले होते, सात थोडा उलटा. टँकरवाल्याला फोन केला. तो उद्या अकराला येतो म्हणाला, आणि पावतीपुस्तक आणतो म्हणाला.